सिंगापूरच्या पाहुणीचा तांबेरा

परगावी जाताना आपली झाडं कुणाकडे ठेवावीत, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल आणि माझं नाव मनात आलं असेल, तर जरा बसा. चहा येतोच आहे. तो संपेपर्यंत माझं ऐका, मग काय ते ठरवा. उगाच नंतर म्हणाल, पाटलांनी आधी सांगितलं नाही.

काय आहे, माझ्याबद्दल लोकांचा एक गोड गैरसमज आहे. मी रोजनिशी लिहितो. रोज. दूधवाला किती वाजता आला, नळाला पाणी कसं आलं, वरणात मीठ कमी होतं की जास्त, सगळं. आता जो माणूस वरणातल्या मिठाची नोंद ठेवतो तो इतर बाबतींतही काटेकोर असणारच, असं लोक धरून चालतात. आमचे शेजारी हमीदभाईही तसंच धरून चालले. बिचारे.

तेव्हा आम्ही हैदराबादेत काचीगुड्याला भाड्यानं राहायचो. आम्ही वर, घरमालकीण लक्ष्मम्मा आणि त्यांचे यजमान नरसिंगराव खाली. कंपाउंडच्या भिंतीपलीकडे हमीदभाई. ते दिवस नव्या वाऱ्याचे होते. गच्चीगच्चीवर डिशच्या छत्र्या उगवत होत्या, कोपऱ्याकोपऱ्यावर परदेशी फोन लावायचे पिवळे बूथ निघाले होते आणि ज्याची मुलगी सिंगापूरला नाही त्याची निदान भाची तरी होतीच. हमीदभाईंची तर सख्खी मुलगी होती. तिनं आदल्या वर्षी येताना बापासाठी एक ऑर्किड आणलं होतं. रुंद, जाड, चकचकीत पानं. म्हणे फुलं फुलपाखरासारखी येतात. 'म्हणे' अशासाठी की एकही आलं नव्हतं. वर्षभर ते झाड हमीदभाईंच्या खिडकीत नुसतं पानं पसरून बसलं होतं.

आणि त्या हिवाळ्यात त्याला दांडी फुटली! दांडीवर मोहरीएवढ्या कळ्या. त्याच सुमाराला हमीदभाईंचं सिंगापूरला मुलीकडे जायचं ठरलं. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी ते कुंडी दोन्ही हातांत धरून आमच्या दारात. म्हणाले, "पाटीलसाब, बच्ची की निशानी है. वापसी में वो भी साथ आरई. इसका पहला फूल देखना है कते उसकू. तुमारे सिवा किसपे भरोसा करूं मैं?"

मी विचारलं, परत कधी येणार?

"परसों आजातूं."

इथं थांबून एक गोष्ट सांगायला हवी. हैदराबादी माणसाचं 'परसों' आणि आपलं 'परवा' यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. आपल्या परवाला हद्द असते. यांचा परसों म्हणजे आज आणि उद्या सोडून कुठलाही दिवस. मागचा, पुढचा, लग्नाआधीचा, कयामतीनंतरचा. मी नांदेडकडून येऊन इतकी वर्षं इथं राहिलो, तरी दर वेळी फसतो. याही वेळी फसलोच, पण ते पुढं.

कुंडी गॅलरीत ठेवली. सिंगापूरच्या पाहुणीला नळाचं पाणी कसं घालायचं, म्हणून सीलबंद बाटलीतलं पाणी आणलं. तेव्हा ते नवीनच निघालं होतं. म्हणजे मुलं नळाचं पाणी उकळून पीत होती आणि ही बाई बाटलीतलं. आमच्या मंगलनं, म्हणजे बायकोनं, ते एकदा बघितलं, दोनदा बघितलं, आणि म्हणाली, "पुढच्या जन्मी मी तुमच्या शेजाऱ्यांची कुंडी होईन म्हणते."

एके सकाळी पानं पुसताना मला दिसलं. एका पानावर काळपट, खोलगट ठिपके. शेजारच्या पानावरही दोन-चार. मी हाक मारली, "मंगल, अगं बघ, पानावर देवी आल्यासारखे ठिपके आलेत!"

हे वाक्य लक्षात ठेवा. अगदी असंच म्हणालो मी. आमच्या आईच्या तोंडी अंगावर पुरळ दिसलं की 'देवी आल्या' हाच शब्द असायचा, तोच माझ्याही तोंडी बसलेला. मंगल आली, तिनं बघितलं, 'हं' म्हणाली आणि भाजी घ्यायला खाली गेली. खाली गाडीवर लक्ष्मम्मा होत्या. दोघींचं नेहमीसारखं बोलणं झालं. मंगलचं तेलुगू भाजीच्या गाडीवर शिकलेलं, त्यामुळं वांग्यापासून कोथिंबिरीपर्यंत अस्खलित. पुढं जरा जपून.

मी मात्र अभ्यासाला लागलो. रविवारी आबिड्सला गेलो. दुकानं बंद असतात तेव्हा तिथल्या फुटपाथवर जुनी पुस्तकं मांडून बसतात. ऑर्किडवरचं पुस्तक काही मिळालं नाही. कॉफीच्या रोगांवरचं मिळालं. म्हटलं, झाड ते झाड. त्यात एक आख्खं प्रकरण तांबेऱ्यावर होतं. पानांवर आधी ठिपके, मग पिवळेपणा, मग तांबूस भुकटी, मग मळेच्या मळे साफ! चित्रंही होती. ती बघून मला रात्री नीट जेवण गेलं नाही.

पुस्तकात लिहिलं होतं, रोगट झाड वेगळं ठेवा. मी लगेच कुंडी गच्चीवर नेली आणि पाण्याच्या टाकीशेजारच्या सावलीत ठेवली. मग वर-खाली सगळ्या घराला ताकीद दिली, की कुणी त्या कोपऱ्यात जायचं नाही, तिथं हात लावून आपल्या कढीपत्त्याला लावायचा नाही. लक्ष्मम्मांनाही सांगितलं. त्यांनी फार गंभीरपणे मान हलवली आणि हात जोडले. मला भरून आलं. घरमालकीण असून भाडेकरूच्या झाडाची इतकी काळजी!

आणि दोन-चार दिवसांनी वर जाऊन बघतो तर काय? पुस्तकात म्हटलं होतं तस्सं! ठिपक्यांवर पिवळेपणा आणि मधोमध तांबूस भुकटी. मी पुस्तकातलं चित्र शेजारी धरलं. एक रेघ इकडची तिकडे नाही.

तुम्ही म्हणाल, जवळून नीट बघितलं नाही का? बघितलं की. पण जवळून बघितलं की मला तेव्हा सगळंच पुसट दिसायचं. वाचायचा चष्मा मला लागला नव्हता. फक्त हात थोडे आखूड पडायला लागले होते, इतकंच. शिवाय रोगट पानाला बोट लावू नये, असंही पुस्तकात होतं. काटेकोर माणूस पुस्तकाबाहेर जात नाही.

मग औषध. बेगम बाजारात गेलो. दालचिनीची पूड पानांच्या जखमांना चांगली, असं कुणीसं सांगितलं होतं, ती घेतली. मग गंधक मागितला. दुकानदारानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "गंधक? पटाखे बनाते क्या साब घर में?"

मी म्हणालो, "नाही हो, झाड आजारी आहे."

तो म्हणाला, "हौ हौ, सब ऐसाच बोलते," आणि पुडी बांधून दिली. मला असा राग आला, की फटाक्यांशी माझा काय संबंध? हेही लक्षात ठेवा.

घरी येऊन गंधकाची पिवळी भुकटी पानांवर धुरळली, वर दालचिनी. पुढच्या आठवड्यात पिवळेपणा दुप्पट. तांबूस भुकटी तिप्पट. मी गंधक वाढवला. रोगानंही वाढवला. कुंडीभोवती कडुलिंबाचा पाला पडलेला असायचा, तो वाऱ्यानं येतो म्हणून मी रोज झाडून काढायचो. दुसऱ्या दिवशी वारा पुन्हा घेऊन यायचा. जवळपास कडुलिंब कुठं आहे, हा प्रश्न मला का पडला नाही, हे विचारू नका.

तेव्हा नामपल्लीला नुमाइश, म्हणजे दर हिवाळ्यातलं मोठं प्रदर्शन, चालू होती. तिथल्या एका रोपवाटिकेच्या स्टॉलवर जाऊन मी लक्षणं सांगितली. झाड न्यायची हिंमत नव्हती, सगळ्या नुमाइशीला लागण झाली असती. स्टॉलवाल्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, असा रोग मी आयुष्यात पाहिला नाही. मला, खरं सांगतो, थोडा अभिमान वाटला.

इकडं घरात आणखी एक गोष्ट चालू होती, तिचा अर्थ मला लागत नव्हता. नरसिंगराव. मोठा दिलदार माणूस. रविवारी सकाळी स्वतः जाऊन मटण आणणार, स्वतः फोडणी टाकणार, जिन्यात उभं राहिलं की आम्हाला निम्मं जेवल्यासारखं वाटायचं. पण गेले काही रविवार खालून वासच येत नव्हता. साधी मोहरीही तडतडत नव्हती. आणि नरसिंगराव मला जिन्यात गाठून, अगदी पडेल आवाजात विचारायचे, "पाटील सार, चेट्टु कैसा है? कब अच्छा होता वो?"

चेट्टु म्हणजे झाड. मी त्यांना सविस्तर सांगायचो, तांबेऱ्याची लागण, गंधकाचं प्रमाण. ते डोळे मिटून ऐकायचे आणि एक खोल सुस्कारा सोडायचे. मी घरी येऊन मंगलला म्हणायचो, बघ, झाडांवर प्रेम असावं तर असं.

एकदा तीच म्हणाली, "अहो, हा रोग शुक्रवारी का वाढतो? बाकीचे दिवस तर तितकाच असतो."

मी तिला समजावून सांगितलं. गुरुवारी रात्री टाकी भरते, त्यामुळं शुक्रवारी त्या कोपऱ्यात ओल जास्त, ओलीत बुरशी फोफावते. तिला पटलं नाही. मला इतकं पटलं, की मी ते रोजनिशीत अधोरेखित केलं.

आणि मग हमीदभाईंचा फोन आला. आमच्याकडे फोन नव्हता, लक्ष्मम्मांकडे यायचा. पलीकडून समुद्राच्या तळातून आल्यासारखा आवाज. "पाटीलसाब? परसों आरौं. बच्ची भी साथ है. फूल कैसा है?"

मी म्हणालो, "एकदम बढिया." दुसरं काय म्हणणार?

परसों! म्हणजे परवा! सांगितलं ना, फसतोच. कळ्या तर आता वाटाण्याएवढ्या टपोऱ्या झालेल्या. पण पुस्तकात शेवटचा उपाय स्पष्ट होता. रोगट पानं बुडापासून छाटा. पानं छाटली तर कळ्या गळणार. नाही छाटली तर झाडच जाणार. एका बापानं मुलीची निशाणी माझ्या हवाली केलेली, आणि मी त्याला काय दाखवणार? काडी? मी मंगलला म्हणालो, झाड तरी वाचवतो. फूल पुढच्या वर्षी येईल. ती गच्चीवर जाऊन कळ्या मोजून आली. मला वाटतं, तिलाही त्या कळ्यांची सवय झाली होती.

दुसरा दिवस शुक्रवार. कचेरीत रजा टाकली. नवं ब्लेड घेतलं, उकळत्या पाण्यातून काढलं, नाकाला रुमाल बांधला आणि गच्चीवर गेलो.

टाकीशेजारी लक्ष्मम्मा बसलेल्या. न्हालेल्या, ओल्या केसांना गाठ, समोर ताटली. ताटलीत हळद, कुंकू, कडुलिंबाच्या डहाळ्या. त्यांनी बोट हळदीत बुडवलं, अगदी मायेनं पानावर एक ठिपका लावला. मग कुंकवात बुडवलं. हळदीच्या ठिपक्याच्या बरोब्बर मधोमध दुसरा.

मी तिथंच उभा.

त्यांनी वळून बघितलं. आधी माझ्या तोंडाकडे, मग हाताकडे. "हाथ में क्या है वो, पाटील सारू?"

"ब्लेड है, अम्मा. पत्ते काटने का है."

त्या ताडकन उठून झाडाच्या आडव्या आल्या. "अम्मवारु पे ब्लेड चलाते? दिमाग ठिकाने पे है तुमारा?"

"कौन अम्मवारु?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग इकडंतिकडं बघून, अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "नाम नै लेते. घर में आई तो चुप रैते. तुमारी मंगलम्माच बोली ना मेरेकू, चेट्टु को अम्मवारु आई बोल के. मैं बोली, आदमी कू आती, झाड कू कायकू नै आना? उसका भी जीव है."

मी खाली बसलो. ब्लेड बाजूला ठेवलं.

तेलुगूत अम्मवारु म्हणजे देवी. आणि आपल्याकडच्यासारखंच, अंगावर फोड उठले की तिकडंही म्हणतात, अम्मवारु आली. मग घरात कडुलिंब, हळद-कुंकू. फोडणी नाही, मटण नाही, मोठ्यानं बोलणं नाही आणि आजाराचं नाव तर मुळीच घ्यायचं नाही, ती कोपते. आता नरसिंगरावांचे ते सुस्कारे आठवा! महिना होत आला, त्या माणसानं मोहरीची फोडणी पाहिली नव्हती. माझ्या झाडापायी.

"और तुम भी तो हल्दी डालते रोज," लक्ष्मम्मा म्हणाल्या. "मैं देखी ना. मैं बोली इनकू, पाटील सारू पढेलिखे हैं, फिर भी कितनी भक्ती है."

ती माझी गंधकाची भुकटी! माझं औषध त्यांना हळद वाटत होतं आणि त्यांची हळद मला रोग वाटत होता. त्यांचं कुंकू बघून मी गंधक वाढवत होतो, आणि माझा गंधक बघून त्या कुंकू.

खाली आलो. मंगल चहा टाकत होती. मी विचारलं, "तू लक्ष्मम्मांना नेमकं काय सांगितलंस?"

"तुम्ही म्हणालात तेच. देवी आल्यासारखे ठिपके."

"तेलुगूत काय म्हणालीस?"

तिनं सांगितलं. मी म्हणालो, "यात 'सारखे' कुठं आहे?"

ती चहा गाळता गाळता म्हणाली, "'सारखे'ला तेलुगूत काय म्हणतात ते मला कुठं येतं? भाजीवाल्याकडे कधी लागलं नाही."

घ्या! आता बायकोवर रागवायचं, तर भाषांतर तिचं असलं तरी मूळ वाक्य माझं. मुकाट्यानं ओलं फडकं घेतलं आणि परत वर गेलो. लक्ष्मम्मांनी आधी परवानगी दिली नाही. मग मीच सुचवलं, की अम्मवारूंना निरोप देऊ. त्यांना हे पटलं. त्यांनी रीतसर ओवाळलं, दहीभाताचा नैवेद्य दाखवला, आणि मग मी पुसायला घेतलं. हळद गेली, कुंकू गेलं, माझा गंधक गेला, दालचिनी गेली. खालून काय निघालं सांगू? हिरवीगार, तुकतुकीत, ठणठणीत पानं. फक्त ते पहिले काळपट ठिपके होते तिथंच, होते तितकेच. एकही वाढलेला नाही. लक्ष्मम्मा त्या सकाळी थोड्या लवकर खाली गेल्या असत्या, तर आज तुम्हाला हे हसत सांगायला मी बसलो नसतो.

त्याच दुपारी जिन्यात मटणाच्या फोडणीचा वास असा काही उसळला, की मुलं अभ्यास सोडून धावली. नरसिंगराव स्वतः वाडगं घेऊन वर आले. माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. त्या माणसाचे डोळे पाणावले होते. फोडणीचा धूर असेल.

हमीदभाई अर्थात परवा आले नाहीत. तेरवाही नाही. परसों म्हणजे परसों! ते आले तोवर दांडीवर तीन फुलं पूर्ण उमलली होती, पांढरी, मध्ये जांभळी झाक असलेली. त्यांची मुलगी कुंडीसमोर गुडघ्यावर बसली आणि बघत राहिली. हमीदभाई कधी तिच्याकडे बघत, कधी फुलांकडे. माझ्या मनावरचा धोंडा उतरला.

इथंच थांबलो असतो तर माझी लाज राहिली असती. पण काटेकोर माणूस! मनात एक शंका उरली होती ना. मी पान उचलून धरलं आणि म्हणालो, हमीदभाई, एवढे ठिपके मात्र माझ्या औषधानं गेले नाहीत. कसला रोग असेल हो?

ते वाकले. बघितलं. म्हणाले, "ये? ये रोग नै. ये तो परसों के हैं."

"कौन से परसों?"

"तुमारी दिवाली वाले. तुम दीवार पे अनार रख के जलाए थे ना? मेरी खिडकी के सामनेच? पूरे चिंगारियां इसपेच गिरे. मैं बोलने कू आया था, फिर तुमारी खुशी देखा. सोचा, तेवार का दिन है, जान दो."

मी घरी आलो. बेगम बाजारातला तो दुकानदार माझ्या डोळ्यांसमोर दिसायला लागला. रोजनिशी काढली, दिवाळीचं पान उघडलं, हात लांब केला आणि वाचलं. माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं: 'भुईनळा मुलांपासून दूर, कंपाउंडच्या भिंतीवर ठेवून लावला. उत्तम उडाला. कोणासही काही इजा नाही.'

म्हणजे बघा, रोग शोधायला मी आबिड्स पालथं घातलं, बेगम बाजार केला, नामपल्लीच्या नुमाइशीत जाऊन आलो. आणि रोग इकडं घरात बसून रोजनिशी लिहीत होता.